दर वेळी ‘नस दबली’ म्हणू नका

माननीय संपादक,
सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी आषाढात माझ्या भाच्याच्या घरी आखाडीची पार्टी झाली. भाचा ३४ वर्षांचा, हुडकेश्वरला राहतो, कूलरच्या आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. पार्टीनंतर घरातल्या दोघातिघांना जुलाब लागले, दोन-तीन दिवसांत थांबले आणि सगळे विसरून गेले. त्यानंतर दहाव्या-अकराव्या दिवशी सकाळी त्याच्या दोन्ही तळपायांना मुंग्या आल्या. दुपारी दुकानासमोर गाडी मेन स्टँडवर लागेना. संध्याकाळी घरचा जिना चढताना त्याने पहिल्यांदाच कठडा धरला.

जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी उभ्याउभ्या एकच प्रश्न विचारला, वजन उचलता का? मोटारी उचलतो, असे तो म्हणाला. ‘मग नस दबली.’ एक लाल इंजेक्शन, एक सलाईन, गोळ्यांची पट्टी आणि चार दिवस आराम.

दुसऱ्या दिवशी पाय आणखी जड झाले. मग एका खासगी रुग्णालयात कमरेचा एमआरआय काढला. त्यात खालच्या दोन मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आलेली दिसली. अशी चकती कितीतरी धडधाकट माणसांच्या एमआरआयमध्येही दिसते आणि त्यांचे काही दुखत नसते. पण कागदावर छापून आले म्हणजे निदान पक्के झाले. भरती करून घेतले, ट्रॅक्शन लावले, म्हणजे कमरेला वजने बांधून ओढ दिली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बहिणीचा फोन आला, “दादा, पोरगा खाटेवरून उठून नाही राहिला.” मी गेलो तेव्हा भाचा मला म्हणाला, “मामाजी, हातात पाण्याचा गिलास थांबून नाही राहिला.” ते ऐकले आणि माझ्या पोटात धस्स झाले. कमरेतली चकती हातातला गिलास कसा पाडेल? कमरेतून निघणाऱ्या नसा पायात जातात, हाताच्या नसा मानेतून निघतात. दोन्ही पाय सारखेच लुळे, मग दोन्ही हात. म्हणजे एखादी नस कुठेतरी दाबली गेली असे हे असूच शकत नव्हते. मी तळहाताच्या कडेने त्याच्या गुडघ्याच्या वाटीखाली टिचकावले. पाय उडाला नाही, दुसराही उडाला नाही. डोळे घट्ट मीट म्हटले तर उजव्या डोळ्याची फट राहिली. मग त्याला एक दीर्घ श्वास घेऊन एका दमात आकडे मोजायला सांगितले. निरोगी तरुण ३०-४० पर्यंत सहज जातो. तो १६ वर थांबला. अर्ध्या तासाने १३ वर. परिचारिका मला बोटाचे यंत्र दाखवून म्हणत होती, काका, ऑक्सिजन ९८ आहे. तिची चूक नव्हती, तिला कोणी सांगितलेच नव्हते की या आजारात श्वासाचे स्नायू थकत जातात आणि यंत्रावरचा आकडा अगदी शेवटी पडतो.

त्या रात्रीच त्याला मोठ्या शासकीय रुग्णालयात हलवले. तिथल्या निवासी डॉक्टर मुलीने रबरी हातोडी काढली, गुडघे, घोटे, कोपर ठोकून पाहिले, जुलाब कधी झाले होते ते विचारले आणि दहा मिनिटांत आजाराचे नाव घेतले. गुइलेन बॅरे सिंड्रोम, ज्याला आता सगळे जीबीएस म्हणतात.

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ एक निघाले, दोनशेच्या वर संशयित रुग्णांची नोंद झाली आणि आपल्या दैनिकासह सगळीकडे त्याच्या बातम्या रोज येत होत्या. भाच्याचे पाय लुळे पडले तेव्हा त्या बातम्यांना जेमतेम सहा महिने झाले होते. दूषित पाणी, नीट न शिजलेली कोंबडी, कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू, मग जुलाब, आणि एक-दोन आठवड्यांनी पायापासून वर चढत जाणारा अशक्तपणा, हे सारे छापून आले होते. तरीही नागपुरात दोन ठिकाणी कोणी त्याला जुलाबाबद्दल विचारले नाही. गुडघ्यावर हातोडी मारायला लागतात तीस सेकंद, तेवढीही कोणी दिली नाहीत.

आजार असा आहे. जंतूशी लढायला शरीराने जी शस्त्रे काढली, तीच चुकून स्वतःच्या मज्जातंतूंच्या आवरणावर चालतात. भाच्याने त्याच्या, मोटारीतल्या तारेच्या भाषेत ते माझ्यापेक्षा चांगले सांगितले, “तांबं चांगलं आहे मामाजी, वरचं एनॅमल जळलं.” आवरण परत येते, त्याला महिने लागतात. काहींच्या बाबतीत आतले तांबेही जाते, त्यांना अधिक काळ लागतो. उपचार दोन आहेत. एक, शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे, वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.४ ग्रॅम, पाच दिवस. भाच्याचे वजन ६२ किलो, म्हणजे पाच-पाच ग्रॅमच्या पंचवीसेक बाटल्या. दुसरा, रक्तातला प्लाझ्मा बदलणे, तोही तेवढाच गुणकारी. यांपैकी कोणताही एक पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर खरा उपयोग होतो. आणि एक गोष्ट, जी मलाही पहिल्यांदा पटली नव्हती, स्टेरॉइडचा यात फायदा होत नाही. कुष्ठरोग विभागातली माझी सारी नोकरी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी लोकांचे हात-पाय वाचताना पाहण्यात गेली. पण नसेचे दोन आजार एकसारखे दिसले म्हणून त्यांचे औषध एक नसते. म्हणून तर आधी बघायचे असते.

पाचव्या दिवशी त्याला व्हेंटिलेटर लागला. अकरा दिवस. जीबीएसच्या दर चार-पाच रुग्णांमागे एकाला तो लागतोच. दोन दिवस आधी निदान झाले असते तर व्हेंटिलेटर टळला असताच, असा दावा मी करणार नाही. पण त्या रात्री कोणी आले नसते आणि कमरेला वजने लावलेल्या खाटेवर झोपेत त्याचा श्वास थांबला असता, ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही. सातव्या महिन्यात तो दुकानात गेला. काठी सुटली आहे. संध्याकाळी पाय थकतात, मोठी मोटार अजून दुसऱ्यानेच उचलावी लागते.

संपादक महोदय, मी डॉक्टर नाही. १९८२ पासून २०१६ पर्यंत, ३४ वर्षे, मी नागपूर जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. माझी अवजारे म्हणजे हाताची बोटे, एक बॉलपेन आणि थोडा कापूस. कोपरामागची, मनगटावरची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची, घोट्याच्या आतल्या बाजूची नस बोटाने चाचपायची, ती जाड आहे का, दाबल्यावर दुखते का ते पाहायचे, मग तिच्या ताब्यातल्या कातडीला पेनच्या टोकाचा स्पर्श कळतो का, तिच्या स्नायूत जोर आहे का, ते तपासून कार्डावर लिहायचे. महिन्याने परत तेच. प्रशिक्षणात आमचे गुरुजी म्हणत, बोट नसेवर ठेवा आणि डोळे पेशंटच्या चेहऱ्यावर. नस दुखते की नाही हे चेहरा सांगतो. एवढ्या भांडवलावर मी हे पत्र लिहितो आहे.

याच नोकरीत दुसरे एक काम मी केले, त्याची आठवण भाच्याच्या खाटेशेजारी बसून फार झाली. पोलिओवर लक्ष ठेवण्यासाठी आपल्याकडे नियम आहे की १५ वर्षांखालच्या कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर त्याची तातडीने नोंद झाली पाहिजे. कारण काही असो, आधी कळवा, नंतर शोधा. शौचाचे दोन नमुने १४ दिवसांच्या आत गोळा करून बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवायचे. मी स्वतः असा डबा मांडीवर घेऊन एसटीने गेलो आहे. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण २०११ च्या जानेवारीतला, तरीही ही पहारेदारी आजही चालू आहे. म्हणजे १४ वर्षांच्या मुलाचा पाय लुळा पडला तर काय करायचे हे यंत्रणेला ठाऊक आहे. ३४ वर्षांच्या माणसाचे दोन्ही पाय लुळे पडले, तर म्हणायचे, नस दबली.

या दोन शब्दांवरच माझा आक्षेप आहे. आपल्या बोलण्यात नस म्हणजे रक्ताची शीरही, स्नायूची दोरीही आणि मज्जातंतूही. लोक म्हणोत, त्यांच्याकडून चूक होत नाही. पण दवाखान्यातल्या माणसाने म्हटले की त्याचा अर्थ निदान असा होतो आणि रुग्णाचे शोधणे तिथेच थांबते. मुंग्या, बधिरपणा, आग, पेटके, जोर कमी होणे, सगळ्याला एकच नाव आणि एकच लाल इंजेक्शन.

त्या इंजेक्शनवर माझा राग नाही, हेही सांगतो. ते बी-१२ जीवनसत्त्वाचे असते आणि त्याची खरी कमतरता आपल्याकडे पुष्कळ आहे. शुद्ध शाकाहारी लोकांत, वयस्करांत, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ती आढळते, आणि वेळेवर लक्षात आली तर पाय वाचतात. पण त्यासाठी रक्त तपासावे लागते. नसेच्या गोळ्या म्हणून औषधाच्या दुकानातून आपणच आणून महिनोन् महिने खाल्ल्या जाणाऱ्या गोळ्यांत बरेचदा बी-६ भरपूर असते, आणि ते दीर्घकाळ जास्त मात्रेत पोटात गेले तर त्यानेच नसा बिघडतात. ज्या मुंग्यांसाठी गोळी घेतली त्या मुंग्या गोळीनेच वाढाव्यात, असेही होते.

आता एका बाईची गोष्ट सांगतो. २०११ मध्ये माझी नेमणूक भिवापूर भागात होती. भिवापुरी मिरची सगळ्यांना माहीत आहे, पण ती मिरची पोत्यात भरण्याआधी तिचे देठ खुडणाऱ्या बायका कमी जणांनी पाहिल्या असतील. मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची पसरून वाळवण्याच्या मोकळ्या जागेवर, शेकडो बायका दिवसभर बसून देठ तोडतात, किलोवर मजुरी मिळते. हाताची अशी आग होते की रात्री कोणी तेल चोपडते, कोणी हात ताकात बुडवून बसते. अशाच एका सातऱ्यावर तपासणीला गेलो असताना अडतीसेक वर्षांची एक बाई सहज बोलून गेली, “भाऊ, माह्या डाव्या हाताच्या या दोन बोटाले मिरची लागतच नाही. बाकी हात जळते, हे दोन बोटं थंडे.” बाकीच्या हसल्या. तिलाही ती देवाची कृपाच वाटत होती.

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट. मी तिथेच पोत्यावर बसलो, तिचा कोपर दुमडला आणि कोपराच्या आतल्या हाडामागच्या खाचेत बोट ठेवले. निरोगी माणसाची तिथली नस मऊ असते, बोटाखालून सरकते. हिची शिसपेन्सिलीएवढी जाड आणि कडक होती, आणि हलकेच दाबली तसा तिचा चेहरा आक्रसला. बोटांत कागद धरायला सांगितला, मी ओढला तर अलगद निघून आला. करंगळी किंचित वाकायला लागली होती. अंगावर मात्र एकही चट्टा नव्हता. हा नुसत्या नसेचा कुष्ठरोग. चट्टा नसतो, म्हणून चट्टा शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

तिने आठ महिने उपचार घेतले होते, फुकट नव्हे. मानेचा एक्स-रे झाला होता, गळ्याला पट्टा होता, लाल इंजेक्शने किती झाली याची मोजदाद नव्हती. मानेतली नस दबली, असे सांगितले होते. या आठ महिन्यांत एकाही माणसाने तिचा कोपर दुमडून पाहिला नाही.

कुष्ठरोगात नसेचे नुकसान सहा महिन्यांच्या आतले असेल तर स्टेरॉइडच्या उतरत्या मात्रेने पुष्कळदा ते भरून येते. त्यानंतर दार हळूहळू लागत जाते. तिचे दार अर्धे लागले होते. आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी बहुविध औषधोपचार बारा महिन्यांचा सुरू केला, सोबत काही महिने प्रेडनिसोलोन, रात्री बोटांना आधारपट्टी, दिवसा तेल लावून बोटे सरळ करण्याचा व्यायाम. गरम भांडे कापडानेच धरायचे, रोज संध्याकाळी हात उजेडात बघायचा. घरातल्या सगळ्यांना तपासले, कोणालाच काही नव्हते. पुढच्या वर्षी मिरचीच्या हंगामात ती मला शोधत आरोग्य केंद्रात आली आणि हात पुढे करून म्हणाली, “भाऊ, करंगळीच्या बाजूच्या बोटाले आग लागून राहिली.” आग होते म्हणून एखादे माणूस आनंदाने रडताना मी माझ्या नोकरीत तेवढे एकदाच पाहिले. करंगळी मात्र बधिरच राहिली.

२००५ च्या डिसेंबरात देशपातळीवर कुष्ठरोगाचे दूरीकरण जाहीर झाले. त्याचा अर्थ दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण एवढाच होता. लोकांनी, आणि खेदाने सांगतो, दवाखान्यांनीही, त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला. आजही जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात निघतात, दरवर्षी लाखाच्या आसपास. त्यात आपल्या पूर्व विदर्भाचा, गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदियाचा वाटा आहे. बाबा आमटेंचे आनंदवन आणि मनोहर दिवाणांचे दत्तपूर ही कुष्ठसेवेची केंद्रे ज्या मुलखात उभी राहिली, तिथे तरी कोपरामागची नस चाचपण्याची विद्या विसरली जाऊ नये. औषध सरकारी केंद्रात मोफत आहे, ते सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून संसर्ग होत नाही, आणि २०१९ च्या कायद्याने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारणही राहिलेले नाही. तरीही माणसे लपवतात, आणि ‘नस दबली’ हे नाव त्यांना लपायला सोयीचे पडते. नाव सोपे, लाज नाही, हात मात्र जातो.

नस खरोखरच दबतेही, ते मी नाकारत नाही. माझ्या शेजारच्या वहिनी उन्हाळाभर पापड-कुरडया करतात. रात्री दोन-अडीचला उठून हात झटकत बसायच्या. अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटे बधिर, करंगळी मात्र चांगली. करंगळी सुटली म्हणजे बहुधा मनगटातली नस. तिचे दुखणे मानेत शोधण्यात अर्थ नाही. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधली आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून थायरॉइड तपासले, तर तोही निघाला. गरोदर बायकांत, मधुमेहात हे दुखणे पुष्कळ असते. कोणती बोटे, एवढे विचारले तरी अर्धे काम होते.

सगळ्यांत जास्त नसा मात्र साखरेने मरतात, आणि त्या आवाज न करता मरतात. हे लिहिताना मन खाते, पण लिहितो. माझ्या पत्नीला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात ती दुपारी मंदिरात गेली. नागपूरचा मे, ४५ अंशांचे ऊन, चपला बाहेर, आणि दगडी फरशीवरून पाच प्रदक्षिणा. बाकीच्या बायका पाय उचलून सावलीत पळाल्या, हिला काही जाणवले नाही. रात्री गादीवर ओल दिसली म्हणून पाहिले तर दोन्ही तळव्यांना फोड येऊन फुटले होते. हजारो परक्या माणसांचे तळवे मी हातात घेऊन तपासले आणि घरातले दोन तळवे तपासायचे राहून गेले. तिची चप्पल चालताना पायातून निसटायची आणि तिला कळायचे नाही, हे मी पाहिले होते. ती खूण होती. जखमा भरायला नऊ आठवडे लागले. आता रोज रात्री जमिनीवर आरसा ठेवून ती तळवे बघते, बोटांच्या बेचक्या मी बघतो. घरातही चप्पल असते. आंघोळीचे पाणी पायाने नव्हे, कोपराने पारखून घेते. ज्यांना दहा-पंधरा वर्षांची साखर आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी कोणाकडून तळव्यांची संवेदना तपासून घ्यावी. दहा ग्रॅमचा नायलॉनचा एक धागा आणि कंप देणारा चिमटा एवढेच त्याला लागते.

पापण्यांबद्दल थोडे लिहितो, कारण तिथे वेळ तासांवर येतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात कळ यावी, डोळे उघडेनात, गिळता येईना, आणि अंगावर दंशाची खूणही दिसू नये, तर तो मण्यार असू शकतो. त्याचे विष नस आणि स्नायू यांच्यामधला निरोपच बंद करते. मांत्रिक नको, पित्ताची गोळी नको, थेट मोठे रुग्णालय. फवारणीच्या विषाचेही तसेच. २०१७ मध्ये यवतमाळने किती माणसे गमावली ते आपण विसरलेलो नाही. घाम-लाळ ओसरली, माणूस बोलायला लागला, म्हणून दुसऱ्याच दिवशी घरी नेऊ नका. पहिल्या एक ते चार दिवसांत त्याला उशीवरून मान उचलता येईनाशी झाली तर पुढचा नंबर श्वासाचा असतो.

पापण्या सकाळी ठीक आणि संध्याकाळी पडलेल्या, शाळेत पाचव्या तासाला बाईंचा आवाज नाकातून यायला लागतो, जेवता जेवता जबडा थकतो, असे दिसले तर तो मायस्थेनिया, म्हणजे वापराने स्नायू थकत जाण्याचा आजार, असू शकतो. त्याला बऱ्यापैकी औषध आहे. फक्त अशा रुग्णाने कोणताही दवाखाना असो, अँटिबायोटिक लिहून घेण्याआधी आपला आजार सांगावा, कारण काही अँटिबायोटिकांनी तो एका रात्रीत उसळतो.

माझे मागणे मोठे नाही. नवे यंत्र, नवी इमारत मी मागत नाही. नागपुरात मेडिकल कॉलेजचे रुग्णालय आहे, मेयो रुग्णालय आहे, मिहानला एम्स आहे. पण रुग्ण तिथे पोहोचण्याआधी त्याला चौकातल्या दवाखान्यात, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात, आशाताईसमोर आणि औषधाच्या दुकानासमोर उभे राहावे लागते. तिथे अडकतो तो. माझी महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागांना विनंती आहे की प्रत्येक केंद्रात एक रबरी हातोडी टेबलावर असावी, खणात नव्हे. मुंग्या किंवा अशक्तपणा सांगणाऱ्या प्रत्येकाला विचारले जावे की कधी सुरू झाले, एका बाजूला की दोन्ही, वर चढते आहे का, आधी जुलाब किंवा ताप आला होता का. गुडघे ठोकावेत, कोपर दुमडून पाहावा, पायातली चप्पल काढायला लावावी. दिवसागणिक वर चढणारा, दोन्ही बाजूंचा अशक्तपणा असेल तर इंजेक्शन न देता त्याच तासाला वर पाठवावे. १५ वर्षांखालच्या मुलांसाठी जी घाई आहे ती मोठ्यांसाठीही लिहून ठेवावी, एका पानाचा कागद पुरेल. पाठवताना पैशांचीही गोष्ट बोलावी, कारण इम्युनोग्लोब्युलिनचे नाव ऐकून माणसे घर विकायला निघतात. आधी शासकीय रुग्णालयात आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर विचारायला सांगावे.

डॉक्टरांबद्दल माझ्या मनात आकस नाही. दिवसाला शंभर रुग्ण पाहणाऱ्याची दमछाक मी जवळून पाहिली आहे, आणि माझ्या भाच्याला वाचवणारी ती निवासी डॉक्टर मुलगीही छत्तीस तास जागी होती. मला आठवते ते एवढेच की तिने बोलण्याआधी त्याच्या पायाला हात लावला.

माझ्या बरोबरीचे, माझ्यासारखेच निवृत्त झालेले कुष्ठरोग तंत्रज्ञ या जिल्ह्यात अजून आहेत. काहींचे हात कापतात, पण बोटांना नस अजून कळते. आमच्यापैकी मी आणि आणखी चौघांनी आपसांत ठरवले आहे की ज्या आरोग्य केंद्राला, नर्सिंगच्या वर्गाला किंवा आशाताईंच्या बैठकीला हे शिकायचे असेल तिथे शनिवारी सकाळी आम्ही येऊ. मोबदला नको, येण्याजाण्याचा खर्चही नको. दोन तास लागतात, आणि शिकणाऱ्यांनी एकमेकांचे कोपर चाचपायचे असतात, त्यामुळे बाह्या मोकळ्या असलेले कपडे घालून यावे. माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला,
एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ,
मानेवाडा, नागपूर